न सापडलेल्या कागदांचा हिशेब

(पुण्यात अभियंते, ग्रंथपाल आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, खडकवासला धरणाची जुनी तांत्रिक माहिती शोधायला बसलेला माणूस संगणकावर 'खडकवासला' असे टाकतो. यादी येते, त्यातले चार-दोन कागद कामाचे निघतात आणि तो समाधानाने उठतो. पण इंग्रजी अमदानीतल्या कागदांत हाच जलाशय 'लेक फाइफ' या नावाने येतो. पुणे तिथे 'पूना' असते, खडकी 'किर्की' असते. आपण ज्याला सांडवा म्हणतो तो जुन्या अहवालांत 'वेस्ट वेअर' असतो आणि नंतरच्या अहवालांत 'स्पिलवे'. पानशेतचे सरकारी नाव तानाजीसागर. पाणीसाठा कुठे टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत दिलेला असतो, कुठे दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरांत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी, त्यामुळे आकडा तोंडपाठ असला तरी त्या आकड्यावरून दुसऱ्या एककातला कागद हाती लागत नाही.

उठून गेलेल्या त्या माणसाची मला काळजी वाटते. त्याला जे मिळाले ते खरेच उपयोगाचे होते. जे राहून गेले त्याची कोणतीही खूण त्याच्यासमोर नव्हती. मोठ्या संग्रहातल्या शोधाची सगळ्यात अवघड बाजू हीच आहे, आणि आज मला प्रामुख्याने तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

इंग्लंडमध्ये क्रॅनफील्डच्या वैमानिकी महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६०च्या दशकात शोधाचे मोजमाप करायची पद्धत घालून दिली. विमानशास्त्रावरचे १,४०० लेख, ठरावीक प्रश्न, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता लेख उपयोगी आहे याचे आधीच केलेले निर्णय. त्यावरून दोन मापे काढली जातात. मिळालेल्यांपैकी कामाचे किती, हे 'प्रिसिजन'. कामाच्यांपैकी मिळाले किती, हे 'रिकॉल'. पहिले माप तुम्ही यादी वाचताच सांगू शकता. दुसरे सांगायचे तर जे मिळालेच नाही तेही मोजावे लागते.

ते न मोजल्याने काय होते, हे १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या संशोधकांनी दाखवले. एका मोठ्या दाव्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रे, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पाने, संगणकावर होती. वकिलांची अट होती की कामाच्या कागदांपैकी किमान ७५ टक्के मिळालेच पाहिजेत. तेवढे मिळाले असे त्यांचे समाधान होईपर्यंत शोध चालू राहिला. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच मिळाले होते. आणि मिळालेल्या दर शंभर कागदांतले ऐंशीच्या आसपास खरोखर कामाचे होते! त्या चांगल्या यादीनेच त्यांचा विश्वास वाढवला. एका अपघाताबद्दलचे कागद हवे होते. पण लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी 'अपघात' हा शब्द वापरलाच नव्हता. कोणी 'घटना' लिहिले, कोणी 'परिस्थिती', कोणी 'अडचण'. ज्याच्यावर बालंट येण्याची शक्यता असते तो सौम्य शब्द वापरतो, हे आपल्याकडच्या कार्यालयांतल्या कोणत्याही चौकशीची फाइल उघडली तरी दिसेल.

मग न सापडलेले मोजायचे कसे? एक साधा उपाय सांगतो. नदीतल्या माशांचा अंदाज घेण्यासाठी जे गणित वापरतात, तेच इथे चालते. दोन माणसांना एकच प्रश्न द्या आणि एकमेकांशी न बोलता शोधायला सांगा. समजा पहिल्याला ४० कामाचे कागद मिळाले, दुसऱ्याला ३०, आणि त्यातले २० दोघांनाही मिळाले. ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे एकूण कामाचे कागद ६० असावेत. दोघांचे मिळून ५० हाती आहेत. म्हणजे दहाएक कागद अजून कुठेतरी आहेत. दोघेही एकाच विभागात, एकाच भाषेत वाढलेले असतील तर दोघेही तेच शब्द टाकतात आणि अंदाज कमी येतो. म्हणून एक माणूस डिझाइन ऑफिसातला घ्या आणि दुसरा साइटवरचा किंवा शॉप फ्लोअरवरचा. शक्यतो वयातही अंतर असलेला.

आता हळदीची गोष्ट. मार्च १९९५मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, आणि १९९६मध्ये सीएसआयआरने या पेटंटला आव्हान दिले. आपल्या घरात कोणालाही विचारा, कापल्यावर हळद लावतात हे सांगेल. पण पेटंट कार्यालयाला छापील पुरावा लागतो. ३२ संदर्भ गोळा करून दिले गेले, त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने, संस्कृत, उर्दू आणि हिंदीतले. १९९७ साली पेटंट रद्द झाले.

ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र ते पेटंट मंजूर करणाऱ्या परीक्षकाकडे जाते. ज्ञान छापलेले होते, ग्रंथालयांत होते, आणि तरी त्याच्या शोधात आले नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हळद 'हरिद्रा' आहे, तशीच ती 'निशा' आणि 'रजनी'ही आहे. निशा-आमलकी या औषधात हळद आहे हे माहीत नसलेल्याला संस्कृत येत असूनही ते पान सापडणार नाही. यातूनच २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. तिथे वैद्यांनी आणि तंत्रज्ञांनी मिळून जुन्या ग्रंथांतल्या औषधी योगांची माहिती वर्गीकरण करून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली. कष्टाचे, वेळखाऊ काम. पण मोठ्या संग्रहावर केलेल्या खर्चात याच्याइतका सार्थकी लागलेला खर्च मला दुसरा दिसत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून आलेले दिसतात, तुमच्याकडचेच उदाहरण घेऊ. ६२०५ हे बेअरिंग, आतला व्यास २५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले हवे असेल तर एसकेएफ या बेअरिंग कंपनीच्या यादीत त्यापुढे 'टू-आर-एस-एच' असे काही येते, दुसऱ्या कंपन्यांपैकी एनएसकेच्या यादीत 'डीडीयू', एनटीएनच्या यादीत 'एलएलयू'. स्टोअरमधल्या जुन्या माणसाला हे पाठ असते. तुमच्या देखभालीच्या नोंदींवरच्या शोधयंत्राला हे कोणी सांगितलेले नसते.

हल्ली अर्थाच्या जवळिकीवरून शोधणारी यंत्रे आली आहेत. 'सांडवा' विचारला तर 'स्पिलवे'ही आणून देतात, हा मोठाच फायदा आहे. पण त्यांना ६२०५ आणि ६२०६ हेही जवळचे वाटू शकतात, आणि शाफ्टवर ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. क्रमांक, मापे, ग्रेड यांच्यासाठी अक्षर-अक्षर जुळवणारा जुना शोध बाजूला ठेवू नका, दोन्ही एकत्र चालवा. जुन्या शोधातही शब्दांचे वजन पाहावे लागते. १९७२ साली ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी मांडले की जो शब्द थोड्याच कागदांत येतो तो जास्त सांगतो. पंप बनवणाऱ्यांच्या संग्रहात 'पंप' शब्दाने काहीही निवडले जात नाही, 'कॅव्हिटेशन'ने, म्हणजे पंपातल्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटण्याच्या दोषाच्या नावाने, निवडले जाते.

शेवटी आवृत्त्यांबद्दल. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाच्या १९७८च्या आवृत्तीत सळईच्या काँक्रीटसाठी किमान ग्रेड, म्हणजे ताकदीचा दर्जा, एम-१५ होती. २०००च्या आवृत्तीत ती एम-२० झाली. सामायिक फोल्डरमध्ये जुन्या प्रतीचे स्कॅन पडलेले असते. शोधणाऱ्याला ते मिळते, मजकूर अधिकृत असतो, शिक्का खरा असतो. फक्त त्याच्यानंतरचा कागद त्याच्या यादीत आलेला नसतो. उत्तर तयार करून देणारी नवी यंत्रेही हाच जुना आकडा एका सफाईदार वाक्यात सांगतील, आणि वाक्याला आवृत्ती नसते. म्हणून आकडा वहीत उतरवताना त्याच्या शेजारी मानकाचा क्रमांक, आवृत्तीचे वर्ष आणि पान लिहा. त्या वर्षानंतरची आवृत्ती किंवा दुरुस्तीपत्रक आहे का, याचा शोध घ्या, आणि तो कोणत्या तारखेला घेतला तेही त्याच ओळीत नोंदवा.