पलंगाखालची मनी

(दृश्य: पलंगाखालचा अंधार. खोलवर दोन चमकणारे डोळे.)

ही मनी. वय 14 वर्षं. माणसाच्या हिशोबात सत्तरी ओलांडलेली. या घरात आल्याला आज तिसरा दिवस, आणि अजून तिने पलंगाखालची जागा दिवसाउजेडी सोडलेली नाही.

तिला सांभाळणाऱ्या आजी आता स्वतःच अंथरुणाला खिळल्या आहेत. मनीला दुसऱ्या घरी द्यावं लागलं ते त्यामुळे. देताना त्यांनी सोबत एक पिशवी दिली. त्यात तिचं रोजचं खाणं, तिच्या सवयीचंच लिटर, म्हणजे शी-शूसाठीची वाळू, एक जाडजूड फाइल आणि तिची जुनी चादर. चादर मुद्दामच धुतलेली नाही. मांजर गाल घासून वस्तूंवर स्वतःचा वास सोडतं. या परक्या खोलीत मनीच्या ओळखीचं तेवढंच आहे.

(दृश्य: फाइलची पानं उलटताना.)

मनीला किडनीचा जुना आजार आहे. म्हाताऱ्या मांजरांत तो पुष्कळ दिसतो. किडनीला पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून मांजर सारखं पाणी पितं आणि लिटरमधले लघवीचे गोळे मोठे होत जातात. सोबत रक्तदाब वाढला, तर दृष्टी अचानक जाऊ शकते. मनीची रोजची गोळी त्यासाठीच आहे. गोळी खाण्यात लपवली तर तिला कळतं आणि ती ते खाणंच टाकते, हेही आजींनी लिहून ठेवलंय. टॉवेलमध्ये गुंडाळून, मागून धरून द्यायची, वरून थोडं पाणी पाजायचं.

आजार सांगितला तर मांजर कोणी घेणार नाही, या भीतीने बरेच जण 'थोडी लाजाळू आहे' एवढंच सांगून मोकळे होतात. आम्हाला हे अजिबात पटत नाही. पुढच्या माणसाला काय बघायचं तेच कळलं नाही, तर तो बघणार तरी काय?

(दृश्य: ताई जमिनीवर आडव्या, हातात पुस्तक, पलंगाकडे पाठ.)

नव्या घरातल्या ताई रोज तासभर अशा पडून असतात. हाका नाहीत, हात पुढे करणं नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. तिला ओढून बाहेर काढायचं नाही, हे सगळेच सांगतात. ते बरोबरच आहे. पण भित्रं मांजर लपतं, तसं दुखणाईत मांजरही लपतं, आणि पलंगाखाली वाकून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

फरक कळतो तो ताटलीत.

मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि ते जिवावर बेततं. म्हणून ताई ताटली ठेवताना वजन करतात आणि उचलताना पुन्हा करतात. पहिल्या रात्री ताटली जशीच्या तशी होती. 'घाबरली असेल, खाईल उद्या' असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. सकाळीच डॉक्टरांना फोन केला. ओलं खाणं कोमट करून द्या, म्हणजे वास सुटेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या मध्यरात्री मनीने 15 ग्रॅम खाल्लं.

(दृश्य: एका बाजूने कमी उंचीचा लिटर ट्रे.)

या ट्रेची एक कड कापून खाली आणलीय. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले, तर 90 मांजरांमध्ये सांध्यांची किंवा मणक्याची झीज दिसली. मनीही उंच कड चढताना अडखळते. मात्र सांधे दुखतात म्हणून माणसांची गोळी कधीही द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

(दृश्य: रात्र. खोलीत माणूस नाही. कॅमेरा कपाटावर.)

दोन वाजून गेलेत. आधी मिशा दिसतात, मग एक पंजा. मनी बाहेर येते, चार पावलं टाकते, थांबते, कान फिरवते. पाण्याच्या भांड्याशी बराच वेळ पीत राहते. मग ताटलीकडे वळते.

(दृश्य: सकाळ. वजनकाट्यावर ताटली. वहीत लिहिणारा हात.)

चौथा दिवस. गोळी दिली. खाणं 62 ग्रॅम. चादरीवर ताजे केस.