वहीत नव्वद हजार, गल्ल्यात शून्य

डिसेंबरची पहाट. नागपूरच्या कळमना बाजारात अंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या संत्र्याचे ढीग लागलेत.

असं समजा, यातला थोडा संत्रा महालातल्या एका घरी जातो. मागच्या खोलीत दोन कढया, चार माणसं आणि संत्रा बर्फीचा धंदा. महिन्याभरात ४ लाखांची बिलं फाटली. संत्रा, खवा, साखर, मजुरी, वीज धरून खर्च ३ लाख १० हजार. वहीत नफा ९० हजार. घरात सगळे खूश.

आणि महिनाअखेरीला खवेवाला दारात उभा. त्याचे ४८ हजार द्यायला गल्ल्यात काही नाही.

पैसे गेले कुठे? कुठेच नाही, अजून आलेच नाहीत. चार लाखांपैकी २ लाख ४० हजारांचा माल सीताबर्डी, धरमपेठेतल्या दुकानांत उधारीवर गेलाय. हाती आले १ लाख ६० हजार. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक १ लाख २० हजार. त्यातून खर्च भागवायचा, वर बँकेच्या कर्जाच्या मुद्दलाचे १८ हजार. हे मुद्दल नफ्यातोट्याच्या पत्रकात शोधून सापडायचं नाही.

कॅश फ्लो म्हणजे हाच, प्रत्यक्ष आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशेब, फक्त तारखेच्या शिस्तीत. आजोबांच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, तो होताच. पण रोजमेळ झालेलं सांगतो, बँकेला द्यायच्या आराखड्यात पुढचे बारा महिने मांडावे लागतात. रोजच्या धंद्याचा पैसा एका भागात, यंत्रसामग्रीचा दुसऱ्यात, कर्ज आणि घरचं भांडवल तिसऱ्यात. घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेचा वहीतला खर्च, मात्र इथे पैसा म्हणून येत नाही, कारण तो कुणाच्या हातात द्यावा लागत नाही.

सगळ्यात अवघड रकाना वसुलीचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. पण वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला कायद्याचं कलम कोण दाखवतो? म्हणून दुकानदार खरोखर कधी देतो, तीच तारीख लिहायची. इथे बहुतेक जण स्वतःलाच फसवतात.

आता पुढचा प्रश्न, डीप फ्रीझरचा. उन्हाळ्यात संत्रा नसतो, गर साठवावाच लागतो. फ्रीझर घ्यायचा होता जानेवारीत. पण डिसेंबरची उधारी फेब्रुवारीच्या मध्यात सुटणार, आणि मृग बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाचा माल मार्चमध्येही मिळतो.

पेन्सिलीने जानेवारीतला आकडा खोडला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लिहिला.