ठोसा लागला पाहिजे

नमस्कार मंडळी. आज गेमबद्दल बोलायचंय, आणि तेही एका पडलेल्या गेमबद्दल. ‘बॅटमॅन फॉरेव्हर’ हा सिनेमा १९९५ च्या जूनमध्ये अमेरिकेत लागला, व्हॅल किल्मर बॅटमॅन, जिम कॅरी आणि टॉमी ली जोन्स हे खलनायक, रिडलर आणि टू-फेस, आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याने ५ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, त्या काळचा तो विक्रम होता. त्याच वर्षी त्याच नावाचा गेम आला, सुपर निन्टेन्डोवर आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हवर, म्हणजे घरी टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनवर, आणि समीक्षकांनी तो अक्षरशः धुऊन काढला. सिनेमावरून केलेल्या फसलेल्या गेमचा विषय निघाला की आजही त्याचं नाव येतं. का फसला, हे मला सांगायचंय, कारण बॅटमॅनचा गेम फसणं ही सोपी गोष्ट नाही हो, हिरो तयार, गुंड तयार, काळोखी शहर तयार, फक्त हाणामारी करायची होती.

पण त्याआधी जरा आपल्याकडे येऊया. तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात शाळेत होते त्यांनी ‘मुस्तफा’ खेळलाय ना? खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेला, पण ते नाव आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हतं, पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाचा गेम म्हणून मुस्तफा, बस. आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, पत्र्याचं, आत तीन-चार मशीन, उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटायचा. दादा मला न्यायचा, घरी सांगायचं नाही या अटीवर. तो मुस्तफा घ्यायचा आणि मी हॅना, कारण त्या चौघांत ती एकटीच बाई होती आणि मला ती फार आवडायची. एका कॉइनमध्ये कुठपर्यंत जातोय यावर पैज, मागे सात-आठ पोरं उभी, कुणीतरी खांद्यावरून हात घालून सांगतंय अरे पळत जाऊन लाथ मार, पळत जाऊन मार!

त्या मशीनची गंमत काय होती हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं. बटन दोनच. एक मारायचं, एक उडी मारायचं, दोन्ही एकदम दाबले तर मोठा दणका पण त्यात थोडी पॉवर जाते. संपलं. बाकी सगळं तुम्ही कुठे उभे राहता, कुणाला कधी धरता, कुणाला कुणावर फेकता यावर. आणि मुख्य म्हणजे ठोसा लागायचा. नीट बघितलंत तर कळेल, ठोसा बसला की चित्र क्षणभर थबकतं, पापणी लवायच्या आत, मारणारा पण थबकतो आणि खाणारा पण, त्याच वेळी धप्पकन आवाज येतो आणि समोरच्याचं डोकं मागे जातं. एवढीशी थबक, सेकंदाचा अगदी लहानसा तुकडा, पण तीच काढून टाकली तर सगळे गुंड कापसाचे होतात. हाणामारीच्या गेमचा जीव त्या थबकेत आहे असं माझं ठाम मत आहे. ‘डबल ड्रॅगन’ १९८७ चा, ‘फायनल फाइट’ १९८९ चा, सगळ्या चांगल्या गेमनी मारलेला फटका हाताला कळला पाहिजे हे पाळलंय, ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने.

आता बॅटमॅनकडे. गेम प्रसिद्ध केला अक्लेम कंपनीने आणि बनवला इंग्लंडमधल्या प्रोब एन्टरटेनमेंटने. हे दोघं नवखे नव्हते. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आठवतोय? १९९२ चा, खऱ्या माणसांचे फोटो घेऊन केलेला मारामारीचा गेम, त्याने जग हलवून सोडलं होतं. तो घरच्या मशीनवर आणला अक्लेमने, आणि मेगा ड्राइव्हवरची कॅसेट बनवली होती याच प्रोबने. १३ सप्टेंबर १९९३ ला तो बाहेर पडला तेव्हा त्या सोमवारची जाहिरातच ‘मॉर्टल मंडे’ म्हणून केलेली. म्हणजे विचार काय झाला असेल तो दिसतोच, मॉर्टल कॉम्बॅट चालला, बॅटमॅन चालतोच, मग बॅटमॅनमध्ये मॉर्टल कॉम्बॅट घालूया. कलाकाराला पोशाख चढवायचा, एकेक हालचाल कॅमेऱ्यात घ्यायची, ती चित्रं कापून गेममध्ये बसवायची, की पडद्यावर सिनेमातला बॅटमॅनच चालताना दिसेल.

आणि दिसतो, हे मी मान्य करते. पहिल्यांदा बघाल तर वाटतं काय भारी आहे, केप, कान, छातीवरची ती वटवाघळाची खूण, सगळं फोटोसारखं. पण मॉर्टल कॉम्बॅटमध्ये दोनच माणसं असतात हो. एक तुम्ही, एक समोर. तिथे वरचा ठोसा, खालची लाथ, अडवणं, मागे-पुढे-मागे करून खास मार, हे सगळं शोभतं, कारण सगळं लक्ष त्या एका माणसावर असतं, ती कुस्तीच असते. रस्त्यावरच्या हाणामारीच्या गेममध्ये स्टेजभर एकामागून एक गुंड येत राहतात. इथे त्यातला प्रत्येक फुटकळ गुंड असा लढतो जणू तोच शेवटचा बॉस, म्हणजे टोळीचा म्होरक्या, अडवतो, मागे सरतो, परत येतो, आणि तुम्ही एकाच सरळ रेषेवर उभे, मुस्तफासारखं वर-खाली सरकून दोघांच्या मधून निसटायला जागाच नाही. पहिला गुंड पाडला, मजा आली, पाचवा पाडेपर्यंत हात दुखायला लागतो.

बटनांची गोष्ट तर सांगायलाच हवी. पहिली स्टेज अर्कम, म्हणजे बॅटमॅनच्या गॉथम शहरातलं ते वेड्यांचं इस्पितळ, कैदी सुटलेत, बॅटमॅन आत शिरतो. थोडं मारत पुढे गेलं की रस्ता संपतो आणि वर जायचं असतं. बॅटमॅन आहे म्हटल्यावर दोर फेकून वर जाणार हे लहान पोरालाही कळतं. पण दोर कुठल्या बटनात? सुपर निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली चार बटनं, वर खांद्याला दोन, आणि मधोमध ती दोन बारकी तिरकी बटनं, सिलेक्ट आणि स्टार्ट, ज्यांना खेळ चालू असताना कुणी हात लावत नाही, लागला तर चुकून. दोर वर फेकायला वरची दिशा दाबून तो सिलेक्ट दाबायचा! आणि वरची दिशा म्हणजे तर उडी. म्हणजे जरा पुढे-मागे झालं की बॅटमॅन जागच्या जागी उडी मारतो आणि पुन्हा तिथेच उभा. अंगठा मारायच्या बटनांवरून उचलून मध्ये न्यायचा, परत आणायचा, तोवर मागून गुंड आलाय. कितीतरी खेळणारे पहिल्याच स्टेजमध्ये अडकून पडले, आणि अडकले ते लढताना हरून नाही तर जिना सापडेना म्हणून. त्यातही बाकीची हत्यारं काढायची तर परत दिशांची जोडणी पाठ करायची, मॉर्टल कॉम्बॅटच्या खास मारासारखी, आणि स्टेज सुरू व्हायच्या आधीच कुठली हत्यारं न्यायची ते निवडायचं, पुढे काय वाढून ठेवलंय माहीत नसताना.

अजून एक. कॅसेटच्या मशीनचं सुख काय होतं, घातली की चालू. सीडीवरच्या गेमसारखं लोड व्हायची वाट बघत थांबायचं नाही. पण या गेमच्या सुपर निन्टेन्डोवरच्या कॅसेटमध्ये एका भागातून दुसऱ्यात जाताना पडदा काळा होतो आणि त्यावर येतं ‘होल्ड ऑन’, जरा थांबा. काळा पडदा आणि दोन शब्द. फार वेळ नाही लागत, पण हाणामारीच्या गेममध्ये अंगात जो ठेका आलेला असतो तो तिथे तुटतो, दर वेळी तुटतो.

यावर कुणी म्हणेल सिनेमावरचे गेम असेच असतात, सिनेमाची तारीख ठरलेली असते, घाईत काढायचे, पोस्टर बघून पोरं घेणारच. मला हे पटत नाही आणि त्याचं कारण म्हणजे ‘बॅटमॅन रिटर्न्स’. सिनेमा १९९२ चा, टिम बर्टनचा, आणि त्याचा गेम कोनामी कंपनीने १९९३ मध्ये आणला, त्याच सुपर निन्टेन्डोवर. तोच हिरो, तीच मशीन, तोही सिनेमावरचा, तोही हाणामारीचा. आणि काय गेम आहे! बर्फ पडतोय, सर्कसमधल्या विदूषकांची टोळी अंगावर येतेय, तुम्ही एकाला एका हातात धरता, दुसऱ्याला दुसऱ्या हातात आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटता. एखाद्याला उचलून दुकानाच्या काचेवर फेकता आणि काच खळ्ळकन फुटते. फोटो नाहीत, हाताने काढलेली चित्रं, पण त्या बॅटमॅनला वजन आहे, तो चालतो तेव्हा अंगाने मोठा वाटतो, त्याचा ठोसा बसला की समोरचा उठायच्या आधी विचार करेल असं वाटतं. दोनच वर्षांचं अंतर आहे हो या दोन गेममध्ये. कोनामीच्या लोकांनी विचारलेलं दिसतं की बॅटमॅन असणं हाताला कसं लागेल, आणि दुसरीकडे सगळी मेहनत तो दिसतो कसा यावर गेली. मेहनत नव्हती असं मी अजिबात म्हणणार नाही, इतक्या माणसांच्या इतक्या हालचाली टिपून कॅसेटमध्ये कोंबणं हे तेव्हा सोपं नव्हतं.

आणि एक गोष्ट त्या पडलेल्या गेममध्ये चांगली होती, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. दोघांनी एकत्र खेळता येतो, एक बॅटमॅन, एक त्याचा साथीदार रॉबिन, आणि ट्रेनिंग म्हणून वेगळा भाग आहे जिथे समोरासमोर लढायचं. तिथे तो चालतो! कारण तिथे दोनच माणसं असतात, ज्यासाठी ती सगळी बटनं मुळात बनली होती.

अक्लेम कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली, बंदच झाली. आमचं ते पत्र्याचं पार्लरही गेलं, तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे.

जाता जाता एक करून बघा. मुस्तफा आज कुणाच्या ना कुणाच्या कॉम्प्युटरवर असतोच, भाच्याला सांगा, पुतणीला सांगा. लावा, पहिला गुंड येऊ द्या आणि त्याला एकच ठोसा मारा, डोळे बटनाकडे न नेता. ती थबक येते बघा, अगदी छोटी. ती मिळाली की मग मुस्तफा भाच्याच्या हातात द्या आणि तुम्ही हॅना घ्या.