आवाज चढण्याच्या वेळा

(नाशिकच्या शरणपूर परिसरातल्या ख्रिस्ती मंडळीत घरी आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या कुटुंबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

‘आत्ताच तर सांगितलं ना!’ घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असलं की हे वाक्य दिवसातून किती वेळा निघतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मघाशी विचारलेलं आठवत नसतं. त्याच्या दृष्टीने तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारतो, आणि समोरचा एकदम खेकसतो.

ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद असावं, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन आपल्यापैकी अनेकांना लहानपणापासून पाठ आहे. तरी सकाळी साडेसहाला ओली चादर ओढताना ते ओठांवर येत नाही. प्रेमळ बोलणं हा स्वभावाचा भाग आहे, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. त्याची तयारी करावी लागते, आणि ती बरीचशी वेळापत्रकाची आणि अंगमेहनतीची असते.

आठवडाभर एवढंच करा. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता ना, तिथेच आवाज चढला की वेळ लिहा. बहुतेक घरांत त्याच दोन-तीन वेळा पुन्हापुन्हा येतात: सकाळची आंघोळ, दिवेलागण, रात्रीची तिसरी हाक. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारं कुणी घरात असेल तर सकाळ हमखास. मग शक्य असेल तर ती वेळच हलवा. नाशिकच्या जानेवारीत सहा वाजता अंगावरचे कपडे काढायला धडधाकट माणूसही कुरकुरतो. आंघोळ अकराला घाला, ऊन आल्यावर. रोज घालायलाच हवी असंही नाही. मधल्या दिवशी कोमट पाण्याने अंग पुसलं तरी चालतं. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ आणि भीती वाढते, म्हणून अंधारून येण्याआधीच दिवे लावा आणि टीव्ही बंद करा.

ऐकू कमी येणाऱ्यांशी आपण सगळेच चुकीचं वागतो. वयोमानाने आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. आपण ओरडतो तेव्हा पट्टी वर जाते, शब्द आणखी अस्पष्ट होतात आणि चेहरा मात्र रागावलेला दिसतो. समोर, उजेडात बसा, मिक्सर बंद करा, खालच्या पट्टीत सावकाश बोला. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी आधी पाहा.

आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलण्याचं पाहू. शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. बारा वेळा न बोलता कुणी ओढलं, उलटवलं, तर माणसाचं गाठोडं होतं. म्हणून हात लावण्याआधी बोला. त्याच्या नजरेच्या पातळीवर या, ‘बाबा’ म्हणा, डोळे वळेपर्यंत थांबा. मग, ‘आता डाव्या कुशीवर वळवते.’ एका वाक्यात एकच गोष्ट. पुढे मनात दहापर्यंत मोजा. अर्धांगवायूनंतर ज्यांची वाचा अडखळते त्यांचं उत्तर बऱ्याचदा येतं, पण उशिरा येतं. चौथ्या आकड्याला आपण वाक्य पुरं करून टाकलं की ते पुढे बोलायचं सोडून देतात. अगदीच अडलं तर ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असं विचारा.

मार्कच्या शुभवर्तमानात आंधळा बार्तीमय येशूला हाका मारतो. त्याला काय हवं ते सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? मला तर सेवेचा सगळा धडा या एका प्रश्नात दिसतो. ‘सदरा निळा घालू की पांढरा?’ ‘आधी चहा की आधी तोंड धुवायचं?’ दोनच पर्याय द्या, पण विचारा. बापाचा मान राखण्याची आज्ञा त्या निळ्या-पांढऱ्या सदऱ्यात पाळली जाते.

एक इशारा. एरवी शांत असलेलं माणूस एकाएकी चिडचिडं किंवा भ्रमिष्ट झालं तर स्वभावाला दोष देऊ नका. लघवीचा संसर्ग, साफ न झालेलं पोट, सांगता न येणारं दुखणं, अपुरं पाणी, यांतलं काहीही असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. मधुमेह असेल तर ताबडतोब साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

आणि कृपा करून वचनाची छडी करू नका. ‘विश्वास कमी पडतोय’, ‘देवाने परीक्षा घेतलीय, सोसा’ हे दुखणाऱ्या माणसाच्या उशाशी म्हणू नये. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांनी तोंड उघडलं तिथून त्यांचं चुकत गेलं.

एवढं करूनही तोंडून वाईट शब्द जातो. मावळतीपर्यंत राग ठेवू नका, असं इफिसकरांस पत्रात आहे. दिवे लावताना ते उरकून टाका. ‘दुपारी मी ओरडले. माझं चुकलं.’ पुढे ‘पण तुम्हीसुद्धा’ जोडू नका. त्यांना प्रसंग आठवत नसला तरी म्हणा, कारण स्मृतिभ्रंशात घडलेलं विसरलं जातं, मनाला लागलेलं मागे राहतं.

आता मंडळीसाठी. जिवाला कंटाळून झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. आपण घरोघरी प्रार्थनेला जातो तेव्हा त्या घरच्या सुनेला आणखी दहा कप चहा करावा लागतो. पुढच्या वेळी दोघांनीच जा, डबा घेऊन जा, छोटी प्रार्थना करा आणि दोन तास आजाऱ्याजवळ बसा. कूस कशी बदलायची ते तिच्याकडून एकदा पाहून घ्या, आणि तिला आतल्या खोलीत झोपू द्या. कोण कुठल्या रविवारी जाणार, ते निघण्याआधी पाळकसाहेबांच्या वहीत लिहा.