हळद पोटात गेली, रक्तात पोचली का?

(सांगलीचं मार्केट यार्ड. पोत्यांच्या थप्प्या, सौदे सुरू.)

हळदीचे सौदे चालू असले की सांगलीच्या यार्डात शिरायच्या आधीच वास येतो. व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो. त्या केशरी-पिवळ्या रंगाचं नाव कर्क्युमिन. हळदीच्या औषधीपणाचे बहुतेक दावे त्याच्याच भरवशावर केले जातात. वजनात मात्र ते थोडंच, 100 ग्रॅम हळदीत साधारण 3 ग्रॅम.

(काचेच्या पेल्यात हळद ढवळली जाते.)

पाण्यात हळद ढवळा आणि थोडं थांबा. तळाशी बसते. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. जेवणात स्निग्ध काही असलं की पित्त त्याचे अगदी बारीक थेंब करतं. त्या थेंबांत बसून कर्क्युमिन आतड्याच्या भिंतीपाशी येतं. आपली फोडणी तेलातच होते, हा योगायोग बरा जमलाय.

खरी अडवणूक भिंतीतच आहे. तिथल्या पेशींत जणू जकात नाकाच बसलाय. विकरं, म्हणजे एन्झाइम, कर्क्युमिनच्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्लाचं शेपूट जोडतात. शेपूट लागलं की रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि शरीर त्याला बाहेरची वाट दाखवतं. इथून निसटलेला माल यकृताच्या दुसऱ्या नाक्यावर पकडला जातो.

(मिऱ्यांचे दाणे खलबत्त्यात.)

1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जेमतेमच सापडलं, कुणाकुणात तर नाहीच. मग त्याच मात्रेसोबत मिऱ्यातलं पायपेरिन दिलं, फक्त 20 मिलिग्रॅम. रक्तातलं प्रमाण सुमारे 20 पट झालं. पायपेरिन ती शेपूट जोडणारी विकरं रोखतं, म्हणजे नाक्यावरचा शिपाई गुंतून पडतो. जाहिरातवाले हे '20 पट' मोठ्या अक्षरांत छापतात. जवळजवळ शून्याची 20 पट किती, ते छापत नाहीत.

सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू आयुर्वेदाच्या कितीतरी औषधी मिश्रणांत असतं. त्यातल्या मिरी आणि पिंपळी या दोन्हींत पायपेरिन आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनं 1970 च्या दशकाच्या शेवटापासून पायपेरिनमुळे इतर औषधं रक्तात जास्त पोचतात का, याच धाग्यावर काम केलं.

पण शिपाई गुंतला की नाक्यावरून फक्त हळदच जात नाही. फिटसाठीचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल यांचंही रक्तातलं प्रमाण पायपेरिननं वाढतं. आमटीतल्या चिमूटभर मिरपुडीचं इथं काही नाही. प्रश्न रोज घेतल्या जाणाऱ्या अर्काच्या कॅप्सुलांचा आहे. हळद आणि मिऱ्याच्या अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 'झाडपाल्याचं आहे, काय होतंय' म्हणणारा माणूस डॉक्टरला या गोळ्यांबद्दल सांगतही नाही.

(सोनामुखीची वाळलेली पानं.)

आणि प्रत्येक औषधानं रक्तात जायलाच हवं, असंही नाही. पोट साफ करणारी सोनामुखी घ्या. तिच्यातले सेनोसाइड नावाचे घटक लहान आतड्यातून जवळपास न शोषताच पुढे सरकतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना जोडलेली साखर तोडतात, तेव्हा कुठे काम करणारा रेणू मोकळा होतो आणि आतडं हलू लागतं. या प्रवासाला 6 ते 12 तास लागतात. म्हणून आजी सोनामुखी द्यायची ती रात्री, निजताना.