सुफळ झालं; संपूर्ण झालं का?

(दादरमधल्या एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "मालिकेचा शेवट." ते म्हणाले, "कुठल्या मालिकेचा?" मी म्हटलं, "टेड लासो." पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "चालेल, पण मराठीतलंही काही घ्या." घेणारच आहे. बावीस वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहून पोट भरलंय, जाते कुठे?

तर गोष्ट 2023 च्या जूनमधली. त्या वर्षी पाऊस लांबला होता. मुंबईत तो थेट 25 जूनला आला. तोवर मुलुंडला आमच्या इमारतीतली माणसं रात्रीची जेवणं आटोपून सतरंज्या घेऊन गच्चीवर यायची. 31 मे रोजी त्या मालिकेचा शेवटचा भाग आला होता आणि पुढे पाऊस पडेपर्यंत गच्चीवर एकच वाद चालू होता: शेवट चांगला झाला की नाही? चौथ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचं ठाम मत होतं की पार पचका केला. माझी लेक म्हणायची, याहून चांगला शेवट होऊच शकत नव्हता. माझ्या सासूबाई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या. नातीने शेजारी बसून त्यांना अख्खी मालिका मराठीत सांगितली होती. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. तो सांगते, पण आधी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

टेड लासो हा अमेरिकेतल्या कॅन्ससचा एक प्रशिक्षक. तिकडचं फुटबॉल वेगळं, आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. अशा माणसाला लंडनचा रिचमंड क्लब नेमतो. मालकीण रिबेका हिला घटस्फोटात क्लब मिळालेला असतो आणि माजी नवऱ्याचा जीव क्लबात आहे म्हणून तो बुडवायचा असतो. टेड येतो तो रोज सकाळी तिच्यासाठी स्वतः भाजलेली बिस्किटं घेऊन. बाकी सगळं तिथून पुढे. 34 भाग, तीन पर्वं. पहिला भाग आला 14 ऑगस्ट 2020 ला. ही तारीख मुद्दाम सांगतेय. त्या ऑगस्टमध्ये आपली लोकल सामान्य माणसाला बंद होती. शेजारच्या दारात साखरेची वाटी घेऊन जायची चोरी होती. तेव्हा पडद्यावर एक माणूस लोकांशी नुसता चांगलं वागत होता. अशा वेळी पाहिलेल्या मालिकेशी आपला हिशोब साधा राहत नाही. ती करमणूक उरत नाही, उसनवारी होते. मग शेवटच्या भागात माणसं दुकानदाराकडे वही तपासायला बसल्यासारखी बसतात.

आता सासूबाई. शेवटचा भाग संपल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "सुफळ झालं गं, पण संपूर्ण झालं का?"

आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठवा. 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' लहानपणी मला वाटायचं की हे दोन्ही एकच शब्द आहेत, जोडीने म्हणायचे. तसं नाही. सुफळ म्हणजे ज्याने केलं त्याला मिळालं. संपूर्ण म्हणजे काही बाकी राहिलं नाही, कुणी वाटेत सुटलं नाही. कहाणीत राजाची नावडती राणी असते, रानातली नागकन्या असते, भुकेला ब्राह्मण असतो. व्रत घेणारा उतला, मातला, घेतला वसा टाकला, म्हणून त्याचं गेलेलं असतं. ते परत येतं. आणि मग तो शेवटचा फिरता हात: जसं त्यांना पावलं तसं तुम्हा आम्हा पावो. गोष्ट संपताना ऐकणारीच्या ओंजळीतही काहीतरी पडतं. संस्कृत नाटकात भरतवाक्य हेच काम करतं, पण तिथे मागणं राजाच्या आणि प्रजेच्या नावाने असतं. आमच्या आज्ज्या ते पाटावर बसून, हातात अक्षता घेऊन करायच्या.

आमच्या धंद्यात यातलं काहीही नसतं, ते आधी कबूल करते. रोजच्या मालिकेचा शेवट लिहिला जात नाही, ती गुंडाळली जाते. गुरुवारी टीआरपी येतो. पुढच्या आठवड्यात चॅनेलचा फोन येतो: तीन आठवड्यांत संपवा, स्लॉट दिलाय दुसऱ्याला. मग वर्षभर वाढवत आणलेले ट्रॅक पंधरा भागांत कोंबायचे. खलनायिकेला एका प्रसंगात पश्चात्ताप. हरवलेले कागद कपाटात सापडले. शेवटी सगळे दिवाणखान्यात उभे राहून फोटो. उलट टीआरपी बरा असेल तर संपवायचंच नाही. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लांबलेल्या बाळंतपणावर आपण सगळ्यांनी फोनवरून एकमेकांना विनोद ढकलले आहेत. मी लेखक असून मीही ढकलले, आणि त्याच रात्री माझ्या नायिकेचं डोहाळजेवण आणखी दोन भाग लांबवलं. (हसताय, पण हप्ते होते.)

अपवाद आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' 2001 मध्ये सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून, दिग्दर्शक केदार शिंदे. आबा, त्यांची रोजनिशी, मुलगा-सून, नातवंडं. मनाला बरं वाटणारी मालिका म्हणतात ती हीच. तिचा शेवट बरोबर होता की चूक, यावर भांडणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. कारण उघड आहे. तिथे प्रत्येक भाग आपापला सुफळ संपूर्ण होता. उधारी साठलीच नाही, तर वसुली कसली?

टेड लासोने मात्र उधारी साठवली. पहिल्या पर्वात भाग साधारण अर्ध्या तासाचे असायचे, शेवटाकडे तासाच्या वर गेले. पात्रं वाढली, प्रत्येकाच्या मागे एकेक दुखणं आलं. तेव्हा काकांची तक्रार काय ते ऐका.

काका म्हणायचे, शेवटच्या सामन्यात रिचमंडने वेस्ट हॅमला हरवलं, ठीक. पण लीग जिंकलं मँचेस्टर सिटीने. मग काय कमावलं? "तीन वर्षं चांगुलपणा चांगुलपणा करत होता, शेवटी कप कुठाय?" माझं म्हणणं, काका इथे साफ चुकतात. पहिल्या पर्वाच्या अखेरीस हा संघ हरून खालच्या श्रेणीत गेला होता. कपाचं वचन या मालिकेने कधी दिलंच नव्हतं. शेवटी कप दिला असता तर चांगुलपणा ही खेळातली युक्ती ठरली असती. मग कॅन्ससहून माणूस कशाला आणायचा, वाकबगार प्रशिक्षक पुरला असता.

टेड सगळं सोडून अमेरिकेतल्या मुलाकडे परत जातो, यावरही गच्चीवर दोन तट पडले. बायका एका बाजूला नव्हत्या आणि पुरुष दुसऱ्या बाजूला नव्हते, हे मला विशेष वाटलं. ज्यांची मुलं परदेशात आहेत ते एका बाजूला होते. ते सगळे म्हणत होते, गेला ते बरं केलं. ज्यांची मुलं याच इमारतीत राहतात त्यांना तो लंडनला राहायला हवा होता. यापेक्षा जास्त मी बोलत नाही, तिथले दोन जण आज सभागृहात बसलेत.

माझ्या लेकीला आवडला तो प्रसंग कीलीचा, क्लबाची प्रसिद्धी सांभाळलेल्या मुलीचा. तिच्यावर प्रेम करणारे दोघे, रॉय आणि जेमी, मारामारी करून तिच्या दारात येतात आणि म्हणतात, आता तूच निवड. ती दोघांनाही घराबाहेर काढते. जोडी जमली नाही म्हणून पुष्कळ प्रेक्षक हळहळले. मी आयुष्यात किमान चाळीस जोड्या जमवल्यात. मला तो प्रसंग पाहताना लाज वाटली, हेवाही वाटला. असं एक पान मला कुठल्याच चॅनेलने लिहू दिलं नसतं.

आता जिथे मालिका खरोखर चुकली ते. नेट नावाचा मुलगा. आधी संघाचे कपडे, बूट सांभाळणारा, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. टेड त्याला वर आणतो, सहायक प्रशिक्षक करतो. तो उलटतो. टेडला भीतीचे झटके येतात ही गोष्ट वर्तमानपत्राला फोडतो, भिंतीवरचा 'बिलीव्ह' लिहिलेला कागद फाडतो आणि रिबेकाच्या माजी नवऱ्याच्या संघात, वेस्ट हॅममध्ये, जातो. उतला, मातला, घेतला वसा टाकला. शब्दशः आपली कहाणी आहे ही! तिसऱ्या पर्वात तो परत येतो. त्याला क्षमा मिळते ते दाखवलंय, आणि सुंदर दाखवलंय. शेवटी तो टेडची माफी मागतो, तेही आहे. पण वेस्ट हॅमची नोकरी तो सोडतो कसा, त्या दारातून बाहेर पडतो कसा, ते पडद्यावर नाही. आपल्याला नंतर कळतं की तो सोडून आला.

लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगते, ही फार मोठी गफलत आहे. क्षमा करणारा माणूस दाखवणं सोपं. त्याचा चेहरा आधीच गोड असतो, मागे संगीत असतं. अवघड असतो तो आदला प्रसंग, माणूस एकटा असतो आणि अजून कुणी त्याला क्षमा केलेली नसते तो. मोठा पगार, गाडी, पाठीवरची मालकाची थाप सोडून तो उठतो. कहाणी तिथे थांबते. घरोघर फिरलेली, अन्न न मिळालेली बाई तिथे दिसते आपल्याला. तो प्रसंग गाळला की परत मिळालेलं सगळं वाटपासारखं वाटतं. सासूबाईंचं 'संपूर्ण' तिथे अडलं होतं. त्या म्हणाल्या, "आला कधी हा? मी पाणी प्यायला उठले होते का?" नातीने सांगितलं, नाही आजी, दाखवलंच नाही. त्या म्हणाल्या, "हं." त्यांचा 'हं' मी सत्तावीस वर्षं ऐकतेय, त्याला समीक्षा म्हणतात.

रिबेकाचं काय केलं पाहा. ती क्लबाचे 49 टक्के हिस्से चाहत्यांना विकते. 51 स्वतःकडे ठेवते. काका बँकेतले, म्हणाले, "म्हणजे निर्णय तिचाच, हे नुसतं मन राखणं." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर वाटलं, प्रेक्षकाचा हिस्साही अगदी एवढाच असतो. शेवट बदलून घेण्याइतका नाही. पण वार्षिक सभेत उभं राहून "या खर्चाचं काय झालं?" विचारण्याइतका नक्की. गच्चीवर तीन आठवडे ती सभाच चालली होती. 'तुम्हा आम्हा पावो'मधला 'आम्हा' म्हणजे हे 49 टक्के.

बरं, 51 टक्केवाले काय करतात, तर मार्च 2025 मध्ये चौथ्या पर्वाची घोषणा. काका खूष, लेक नाराज. आपल्याकडे 'दिल दोस्ती दुनियादारी' 2016 मध्ये लोकांना हवीहवीशी असतानाच थांबली, आणि 2017 मध्ये तेच कलाकार 'दिल दोस्ती दोबारा'मध्ये वेगळी माणसं होऊन आले. मला तो मार्ग जास्त सभ्य वाटतो. जुन्या घराला कुलूपच राहिलं, कुणी आत शिरलं नाही.

माझा स्वतःचा हिशोब सांगते आणि बसते. मालिकेचं नाव सांगत नाही. साधी, हलकीफुलकी, एका घरातल्या पाच माणसांची आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या एका पेइंग गेस्ट मुलीची. घोडबंदर रोडला सेट होता. तीन आठवड्यांचा फोन आला. शेवटच्या भागात लग्न, सगळ्यांचा एकत्र फोटो. पेइंग गेस्टचं काम करणाऱ्या मुलीच्या डेट्स आदल्या दिवशी संपल्या होत्या. एका दिवसाचे पैसे वाढवायला निर्माता तयार नव्हता. फोटो तिच्याशिवाय झाला. कुणाच्या लक्षात येणार नाही, असं दिग्दर्शक म्हणाला, मीही मान डोलावली.

महिन्याभराने दादरहून घरी जात होते. लेडीज डब्यात एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. मी लिहिते हे शेजारणीने त्यांना सांगितलं. त्यांनी नमस्कार केला नाही, कौतुक केलं नाही. विचारलं, "ती पोरगी फोटोत का नव्हती?"

मी म्हटलं, "ती... गावी गेली होती."

"मग तसं बोलायचं ना कुणाच्या तरी तोंडून. एक वाक्य. आम्ही अकरा महिने जेवायला वाढलं होतं तिला."

घाटकोपरला त्या उतरल्या. मटाराची पिशवी, सालांची पिशवी, दोन्ही घेऊन. मुलुंड येईपर्यंत मी ते वाक्य जुळवलं. आईच्या तोंडी द्यायचं, फोटोच्या आधी, पदर सारखा करताना: "थांबा रे, तिची खुर्ची मधे ठेवा, रात्रीच्या गाडीने येतेय ती."