नावडता मयत

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या पोलिसांच्या खून विभागात भिंतीवर एक मोठा पांढरा फळा असायचा. वर तपास अधिकाऱ्यांची नावं आणि प्रत्येकाच्या खाली त्याच्या वाट्याला आलेल्या मयतांची नावं. खुनाचा छडा लागला नसेल तर नाव लाल शाईत, लागला की तेच नाव काळ्या शाईत. डेव्हिड सायमन नावाचा ‘बाल्टिमोर सन’चा बातमीदार १९८८चं अख्खं वर्ष या विभागात बसून होता. त्या वर्षी शहरात २३४ खून झाले. १९९१मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि १९९३च्या जानेवारीत त्यावरून ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली. फळा मालिकेतही आला. मला त्या फळ्याचं अप्रूप एवढ्यासाठी वाटतं, की मयत माणूस म्हणून कसा होता, याचा रकाना त्यावर नाही. कोपऱ्यावर हेरॉइन विकणारा पोरगा आणि शाळेतून घरी न पोचलेली मुलगी, दोघांना एकच शाई.

अर्थात हे झालं फळ्यापुरतं. याच विभागात काही खुनांना ‘रेड बॉल’ म्हणत, म्हणजे ज्यांच्यावर महापौरांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांचा डोळा आहे असे खून. मालिकेच्या १९९४च्या एका भागात रॉबिन विल्यम्स यांनी अशाच मयत बाईच्या नवऱ्याची भूमिका केली आहे. पर्यटक कुटुंब, भर रस्त्यात, मुलांदेखत आईला गोळी लागते. लगेच सगळा विभाग कामाला लागतो. आणि तो नवरा तिथेच बसलेला असताना त्याच्या कानावर काय पडतं? या केसमध्ये ओव्हरटाइम किती मिळेल, याची पोलिसांची आपसातली चेष्टामस्करी. तो संतापतो, आपणही संतापतो. पण ओव्हरटाइम मंजूर होतो तो अशाच बाईच्या खुनाला, फळ्यावरच्या बाकीच्या नावांना नाही, हे मालिका आपल्याला विसरू देत नाही.

मंडळी, आजचा विषय मी जरा अरुंद करून घेतला आहे. ‘पडद्यावरचा नैतिक गोंधळ’ म्हटलं की आपण लगेच गुन्हेगाराबद्दल बोलायला लागतो. गुन्हेगारातही माणूस असतो, त्याचं बालपण वाईट गेलं, परिस्थितीनं त्याला ढकललं, वगैरे. गेली वीस-पंचवीस वर्षं या गोष्टीचं फार कौतुक झालं, थोडं जास्तच झालं. माझ्या मते लेखकाचा खरा कस लागतो मयताच्या बाबतीत. गुन्हेगारावर प्रेम करायला लावणं सोपं आहे, कारण तो शेवटपर्यंत पडद्यावर असतो, बोलतो, विनोद करतो. मयताला एवढा वेळ मिळत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, वाईट मयत तर रहस्यकथेत पहिल्यापासून आहे. आहेच. अगाथा ख्रिस्तीच्या १९३४च्या ओरिएंट एक्स्प्रेसच्या गोष्टीत ज्याला भोसकतात, तो लहान मुलीला पळवून मारणारा माणूस आहे. पण तो इतका वाईट आहे, की त्याच्या मरणाचा आपल्याला काहीच त्रास होत नाही. उलट शेवटी गुप्तहेर पोयरो दोन उकली पुढे ठेवतो, तेव्हा आपण मनातल्या मनात खोट्या उकलीला मत देऊन मोकळे होतो. म्हणजे नीच मयत ही वाचकाची सोयच झाली. कोडं सोडवायचा आनंद मिळतो आणि रडण्याची सक्ती नसते.

मला अडचणीत टाकतो तो मधला माणूस. खलनायक नाही, सज्जनही नाही. नुसता वैतागवाणा. उधारी बुडवणारा, अकारण अंगावर येणारा, ज्याच्या शेजारी कुणी बसू नये असा. २००२मध्ये सायमनचीच ‘द वायर’ सुरू झाली, तिचा अगदी पहिला प्रसंग अशा माणसाच्या प्रेतापाशी आहे. गल्लीतल्या फाशांच्या खेळात हा पोरगा दर शुक्रवारी यायचा आणि डावावर पैसे साचले की ते उचलून पळायचा. बाकीचे पाठलाग करून त्याला चोपायचे. त्या रात्री कुणीतरी गोळी घातली. पायरीवर बसलेला पोलीस साक्षीदाराला विचारतो, दरवेळी चोरतो हे माहीत होतं, तर खेळायला घेत कशाला होतात? साक्षीदार म्हणतो, घ्यावंच लागतं, ही अमेरिका आहे. यावर लोक हसतात आणि हसायलाच हवं. पण त्या उत्तरात कायद्याची सगळी भूमिका आलेली आहे. पैसे चोरले म्हणून चोप बसला, तिथवर गल्लीचा हिशोब होता. गोळी त्या हिशोबात बसत नाही, आणि हे मेलेल्या पोराची बाजू घेण्याच्या भानगडीत न पडता सांगितलेलं आहे.

आता ज्या भागासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येतो. ‘होमिसाइड’चा डिसेंबर १९९७चा ‘सबवे’ हा भाग. लेखक जेम्स योशिमुरा. या भागाला पीबडी हा प्रसारण क्षेत्रातला पुरस्कार मिळाला. मयत अजून मेलेला नाही, हीच यातली गोम. जॉन लँग नावाचा माणूस भुयारी रेल्वेची गाडी आणि फलाट यांच्या फटीत कमरेपर्यंत अडकला आहे. वरून पाहाल तर शुद्धीवर आहे, बोलतो आहे. खाली शरीर पिळवटून गेलं आहे. गाडी जरा हलवली की रक्त वाहून जाईल आणि तो काही क्षणांत जाईल. हे सगळ्यांना कळतं, त्यालाही हळूहळू कळतं. तपास अधिकारी पेंबलटन तिथे येतो तो एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला: पडला की ढकललं? मृत्यूपूर्व जबाब घ्यायचा आणि निघायचं.

इथे दुसऱ्या कुठल्याही मालिकेनं काय केलं असतं, याचा विचार करा. अडकलेला माणूस कुणी कोवळा बाप असता. खिशात मुलीचा फोटो असता. मागे व्हायोलिन वाजलं असतं. योशिमुरानं लँगला शिवराळ आणि चिडका केला आहे. जे वाचवायला आलेत त्यांच्यावरच तो खेकसतो. पेंबलटनशी सरळ बोलत नाही. विन्सेंट डोनोफ्रिओ यांनी तो असा काही उभा केला आहे, की पहिली दहा मिनिटं आपल्याला वाटतं, बाबा रे, निदान आता तरी गप्प बस. आणि लगेच स्वतःची शरम वाटते. मरणाऱ्यानं नीट वागावं, अशी अपेक्षा आपण कधी धरून बसलो होतो?

पेंबलटन त्याला आवडून घेत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. त्याची भूमिका करणाऱ्या आंद्रे ब्राउअर यांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत एक अवघडलेपण राहतं. पण तो तिथून उठत नाही. जबाबाचं काम संपल्यावरही बसतो. सहकारी बाहेर लँगच्या मैत्रिणीला शोधत फिरतायत, ती धावायला गेली आहे, ती काही वेळेवर सापडत नाही. म्हणजे त्या माणसाजवळ शेवटी कोण असतं, तर एक पोलीस, ज्याला तो फारसा पटलेलाच नाही. सहानुभूतीचा पत्ता नसतानाही माणूस आपलं कर्तव्य किती लांबवर नेऊ शकतो, याचं मी पडद्यावर पाहिलेलं हे सर्वोत्तम उदाहरण.

निल्स क्रिस्टी हे नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ. १९८६मध्ये त्यांनी ‘आदर्श बळी’वर निबंध लिहिला. त्यांचं उदाहरण असं: म्हातारी बाई, भर दुपारी, आजारी बहिणीची शुश्रूषा करून घरी निघालेली. एक धिप्पाड अनोळखी माणूस तिच्या डोक्यात मारून पिशवी हिसकावतो आणि ते पैसे दारूत घालवतो. यातली एकेक गोष्ट बदलत जा. दुपारची रात्र करा, बहिणीच्या घराचा बार करा, अनोळखी माणसाचा ओळखीचा करा. जखम तेवढीच राहते आणि लोकांचं हळहळणं मात्र आटत जातं.

आपल्याकडे हे आटणं थेट न्यायालयात झालेलं आहे. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. आदिवासी मुलीवर बलात्कार, दोन पोलीस आरोपी. तिचं नाव त्या खटल्याला चिकटलं, मी ते घेणार नाही. सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवलं आणि तिला शरीरसंबंधांची सवय होती, असा शेरा मारून आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा रद्द केली. १९७९मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्यातून आंदोलन उभं राहिलं, १९८३मध्ये कायदा बदलला. तरी बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाईचं चारित्र्य वाईट असल्याचं दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम जायला २००२ उजाडलं.

आमच्या वाहिन्यांवर ते अजून लागू आहे. सोनीवर २००३पासून आलेल्या ‘क्राइम पेट्रोल’चंच घ्या. चांगले नट आहेत, तपासाचे बारकावे आहेत, बरीच वर्षं निवेदक अनुप सोनी यांचा आवाज होता. पण शेवटी निवेदक येतो आणि सावध राहण्याचा सल्ला देतो. आई-वडिलांना न सांगता भेटायला जाऊ नका, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका. सल्ला चुकीचा आहे का? नाही. मीही माझ्या भाचीला तेच सांगतो. पण खुनाच्या गोष्टीच्या शेवटी आला, की तो मयताच्या चुकांची यादी होतो. खुन्याला कुणी सल्ला देत नाही.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: ‘असा नावडता मयत दाखवला तर लोक चॅनेल बदलणार नाहीत का?’ बदलतील. ‘होमिसाइड’ला प्रेक्षकसंख्येनं कधीच साथ दिली नाही. दुसऱ्या वर्षी तर वाहिनीनं फक्त चार भाग घेतले. तरी सात वर्षं चालली, कारण एनबीसी या वाहिनीत कुणीतरी दरवर्षी थोडा तोटा सोसायला तयार होत होतं. चिठ्ठी पाठवणारे स्वतः मालिका लिहीत असतील, तर एवढंच सुचवतो: पहिल्या भागात मयताच्या खिशात मुलीचा फोटो ठेवू नका. बघा, तपास तरीही पुढे नेता येतो का. बाकी प्रश्न घेऊ.